विश्लेषण : हत्तीरोगाचा कृमी शरीरात वर्षानुवर्षे बिनबोभाट कसा राहतो? गोळ्या घेतल्यावरच ताप का येतो?

हत्तीरोग दुरीकरणासाठी देशाने ठरवलेली २०२७ ची मुदत तोंडावर आली आहे. विदर्भातील गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, नागपूर या जिल्ह्यांत आशा कार्यकर्त्या गोळ्या घेऊन दारोदार जातात, तेव्हा त्यांना दोन वाक्ये हमखास ऐकावी लागतात. पहिले, ‘मला काही झालेलेच नाही, मग गोळ्या कशाला?’ आणि दुसरे, ‘मागच्या वेळी गोळ्या घेतल्या आणि ताप आला, यंदा नको.’ गंमत म्हणजे या दोन्ही वाक्यांचे उत्तर एकच आहे. ते दडले आहे कृमीने आपल्या रोगप्रतिकारशक्तीशी केलेल्या एका विलक्षण तडजोडीत.

हा कृमी राहतो कुठे?

भारतातील जवळपास सगळा हत्तीरोग वुचेरेरिया बँक्रॉफ्टाय या धाग्यासारख्या कृमीमुळे होतो. गटारांत, तुंबलेल्या घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास तो पसरवतो. डास चावताना त्वचेवर उतरलेल्या अळ्या चाव्याच्या जखमेतून आत शिरतात, लसिकावाहिन्यांत पोहोचतात आणि काही महिन्यांत प्रौढ होतात. मादी ८ ते १० सेंटिमीटर लांब असते, पण जाडीला शिवणाच्या दोऱ्याएवढीच. नर तिच्या निम्म्याहून लहान. ही जोडी साधारण ६ ते ८ वर्षे जगते. या काळात मादी लाखो सूक्ष्म पिल्ले रक्तात सोडते. त्यांना मायक्रोफायलेरिया म्हणतात. ही पिल्ले दिवसा मुख्यतः फुप्फुसांतील बारीक रक्तवाहिन्यांत थांबतात आणि रात्री, क्युलेक्स डासाच्या चावण्याच्या वेळी, त्वचेजवळच्या रक्तात येतात. म्हणूनच हत्तीरोगासाठी रात्र चिकित्सालये चालवावी लागली आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना रात्री साडेआठनंतर बोटातून रक्ताचा थेंब घेत गावभर फिरावे लागले.

लसिकावाहिन्या म्हणजे ऊतींमध्ये साचणारा द्रव परत रक्ताकडे नेणाऱ्या नळ्या. पण त्यांचे आणखी एक काम आहे. रोगप्रतिकारक पेशींच्या येण्याजाण्याचाही हाच रस्ता असतो. या वाहिन्या जिथे जोडल्या जातात त्या लसिकाग्रंथींमध्ये शत्रूची ओळख पटवली जाते आणि प्रतिहल्ल्याची तयारी होते. चोराने लपण्यासाठी नेमकी पोलीस चौकीच निवडावी आणि तिथे आठ वर्षे संसार थाटावा, असा हा प्रकार. पुरुषांच्या अंडकोशाची सोनोग्राफी केली असता कधी कधी हे कृमी लसिकावाहिनीत सतत वळवळताना पडद्यावर दिसतात. डॉक्टरी भाषेत या दृश्याला कृमींचे ‘नृत्य’ असेच म्हणतात. त्या माणसाला मात्र बरेचदा कसलाच त्रास नसतो.

शरीर लढत का नाही?

लढते, पण कृमी हा अडचणीचा शत्रू आहे. विषाणू किंवा जिवाणू इतका लहान असतो की पांढरी पेशी त्याला गिळू शकते. दहा सेंटिमीटरचा कृमी गिळायचा कसा? त्यासाठी शरीराकडे वेगळी युद्धपद्धती आहे. इंटरल्युकिन-४, ५ आणि १३ या संदेशवाहक प्रथिनांच्या इशाऱ्यावर इओसिनोफिल नावाच्या पेशी वाढतात, आयजीई प्रकारची प्रतिपिंडे तयार होतात आणि कृमीच्या अंगावर विषारी रसायनांचा मारा होतो. आतड्यात कृमी असेल तर चिकट स्राव वाढवून, आतड्याची हालचाल वाढवून त्याला बाहेर ढकलले जाते. दमा आणि अॅलर्जीमध्ये जी यंत्रणा आपल्याला छळते, तीच ही. ती मुळात कृमींशी लढण्यासाठी घडली असावी, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात.

ही यंत्रणा पूर्ण ताकदीने चालली तर काय होते, याचे उदाहरण भारतातच सापडते. हत्तीरोगग्रस्त भागातील मोजक्या लोकांना रात्री खोकल्याची उबळ येते, दम लागतो, रक्तातील इओसिनोफिल प्रचंड वाढतात. या आजाराला १९४३ मध्ये ‘ट्रॉपिकल इओसिनोफिलिया’ हे नाव मिळाले. पुढे कळले की या रुग्णांचे शरीर मायक्रोफायलेरियांना फुप्फुसातच मारून टाकत असते. रक्ताच्या थेंबात एकही पिल्लू सापडत नाही, पण लढाईच्या धुमश्चक्रीत फुप्फुसाची हानी होते. दमा समजून वर्षानुवर्षे चुकीचे उपचार होतात. असे रुग्ण थोडे. बहुसंख्य बाधितांमध्ये उलटेच घडते. रक्तात हजारो पिल्ले फिरत असतात आणि शरीर शांत असते.

मग कृमी नेमके करतो काय?

नुसते लपणे हे त्याचे तंत्र नाही. लपणारे कृमी वेगळे. शिस्टोसोमा नावाचा रक्तातला चपटा कृमी यजमानाच्या शरीरातील रेणू स्वतःच्या अंगावर चढवून घेतो आणि ‘मी तुमच्यातलाच’ असे भासवतो. हे १९६०च्या दशकातील प्रयोगांत दिसून आले होते. (भारतात हा आजार जवळपास नाहीच. अपवाद रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावाचा. तिथे १९५२ मध्ये त्याचे रुग्ण नोंदले गेले आणि वैद्यकीय पुस्तकांत त्या लहानशा गावाचे नाव कायमचे गेले.)

हत्तीरोगाच्या कृमीची रीत जास्त चलाख आहे. तो यजमानाच्या यंत्रणेचा ब्रेकच दाबून धरतो.

रोगप्रतिकारशक्तीला ब्रेक हवाच असतो. तो नसेल तर प्रत्येक किरकोळ जंतूवर इतका जबर हल्ला होईल की आपलीच ऊती जळून जाईल. हे ब्रेकचे काम नियामक टी पेशी करतात. इंटरल्युकिन-१० आणि टीजीएफ-बीटा हे त्यांचे संदेश. अर्थ एकच : आता आवरते घ्या. लक्षणे नसलेल्या हत्तीरोगबाधितांच्या रक्तपेशी प्रयोगशाळेत कृमीच्या प्रथिनांसमोर ठेवल्या, तर त्या फारशा चवताळत नाहीत, पण इंटरल्युकिन-१० मात्र भरपूर सोडतात. त्याच पेशी इतर जंतूंना बऱ्यापैकी प्रतिसाद देतात. म्हणजे शरीर सरसकट दुबळे झालेले नसते. ते या एका पाहुण्याबाबत समंजस झालेले असते.

हा समंजसपणा आणायला कृमी सतत काही प्रथिने बाहेर सोडतो. त्यांतील काहींचे काम आता बरेच उलगडले आहे. एक प्रथिन रोगप्रतिकारक पेशींमधील कात्रीसारखी विकरे बंद पाडते. ती बंद पडली की कृमीचे तुकडे करून ते टी पेशींना ‘ओळख परेड’साठी दाखवण्याची प्रक्रियाच खोळंबते. कृमीच्या पृष्ठभागावरील काही विकरे पांढऱ्या पेशींनी फेकलेली जळजळीत रसायने निष्प्रभ करतात. उंदरांसारख्या प्राण्यांतील एका फायलेरिया कृमीपासून स्कॉटलंडच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी ईएस-६२ हे प्रथिन वेगळे केले. त्याला चिकटलेला फॉस्फोरिलकोलिन हा छोटा रेणू पेशींचा भडका शमवतो.

सगळ्यांत थक्क करणारे उदाहरण उंदराच्या आतड्यातील कृमीचे आहे. ग्लासगो विद्यापीठातील रिक मेझेल्स यांच्या गटाने २०१७ मध्ये दाखवले, की हा कृमी टीजीएफ-बीटाची चक्क नक्कल तयार करतो. ही नक्कल मूळ प्रथिनाच्या रचनेशी अजिबात जुळत नाही. ती पूर्णपणे वेगळ्या घराण्यातली आहे. तरीही पेशीवरच्या त्याच कुलपात ती बसते आणि नियामक पेशी तयार करवून घेते. किल्लीची छापकॉपी न करता, वेगळ्याच धातूची, वेगळ्याच आकाराची किल्ली बनवून कुलूप उघडावे, तसे.

प्रतिपिंडांच्या बाबतीतही अशीच हातचलाखी दिसते. लक्षणे नसलेल्या बाधितांमध्ये आयजीजी-४ या प्रकारची प्रतिपिंडे खूप वाढलेली असतात. ती कृमीला चिकटतात, पण हल्ला सुरू करत नाहीत. उलट आयजीईची जागा अडवून बसतात.

ही तडजोड सगळ्यांशीच होते का?

नाही, आणि हे कळले एका युद्धामुळे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचे सैनिक सामोआ आणि आसपासच्या पॅसिफिक बेटांवर उतरले. तिथे हत्तीरोग पिढ्यान्‌पिढ्या होता. स्थानिक लोकांपैकी अनेकांच्या रक्तात पिल्ले होती, पण रोजच्या जगण्यात त्रास नव्हता. सैनिकांना मात्र काही महिन्यांतच हातापायांवर लाल वेदनादायी रेघा, ग्रंथींना सूज, अंडकोशात दुखणे सुरू झाले. हजारो सैनिकांना परत पाठवावे लागले. नवल असे की, त्यांच्यापैकी फारच थोड्यांच्या रक्तात पिल्ले सापडली. त्यांच्या शरीराने कृमीला पहिल्याच भेटीत शत्रू ठरवले होते आणि त्रास झाला तो मुख्यतः या लढाईचा.

गावात जन्मलेल्या मुलाचे शरीर मात्र कृमीला फार लवकर भेटते. काही वेळा तर जन्माआधीच. आई बाधित असेल, तर गर्भाची रोगप्रतिकारशक्ती कृमीच्या अंशांशी परिचित होते आणि मोठेपणी त्या मुलाचा प्रतिसाद सौम्य राहतो, असे अभ्यासांत आढळले आहे. ‘आमच्या घरात सगळे धडधाकट आहेत’ हे वाक्य त्यामुळे फसवे ठरते. धडधाकट दिसणे आणि कृमी नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग पाय हत्तीसारखा का सुजतो?

तडजोड कायम टिकत नाही म्हणून. कृमी राहतात तिथे लसिकावाहिनी हळूहळू फुगते आणि तिच्या झडपा नीट मिटेनाशा होतात. लक्षणे नसतानाही हे चालू असते. कृमी मेला की त्याच्या भोवतीचे शांततेचे कवच जाते, त्याच्या पोटातले वोल्बाकिया हे सहजीवी जिवाणूही बाहेर पडतात आणि दाह उसळतो. साचलेल्या द्रवात, बोटांच्या बेचक्यांतल्या भेगांतून शिरलेले साधे जिवाणू पुन्हा पुन्हा संसर्ग करतात. प्रत्येक तापासरशी त्वचा जाड होत जाते.

म्हणून पाय पूर्ण सुजलेल्या रुग्णाच्या रक्तात बऱ्याचदा मायक्रोफायलेरिया सापडतच नाहीत. डासाच्या दृष्टीने तो निरुपयोगी. गावात रोग पसरतो तो शेजारच्या, दिसायला ठणठणीत माणसाकडून. लोकांच्या मनात मात्र नेमके उलटे चित्र असते. सुजलेल्या पायाच्या माणसाला टाळले जाते, त्याच्या घरी सोयरीक जुळत नाही. या रुग्णाला खरी गरज असते ती रोज साबण-पाण्याने पाय धुऊन कोरडा ठेवण्याची, भेगांवर मलम लावण्याची, पाय उंचावर ठेवण्याची; आणि अंडवृद्धी असेल तर साध्या शस्त्रक्रियेची. मोहिमेच्या गोळ्यांनी जुना सुजलेला पाय पूर्ववत होत नाही. हे आधीच स्पष्ट सांगितले नाही, की ‘गोळ्यांचा काही उपयोग नाही’ ही समजूत पसरते.

गोळ्या घेतल्यावर ताप का येतो?

इथे सगळा धागा जुळतो. डायइथाइलकार्बामाझिन अर्थात डीईसी हे १९४७ पासून वापरात असलेले औषध. प्रयोगशाळेत काचेच्या बशीत मायक्रोफायलेरियांवर ते टाकले तर त्यांचे फारसे बिघडत नाही. माणसाच्या शरीरात मात्र ते पिल्लांचा झपाट्याने फडशा पाडते. म्हणजे मारण्याचे काम बरेचसे शरीरच करते. औषध कृमीला उघडे पाडते.

आयव्हरमेक्टिनचेही तसेच. शरीरात असते तेवढ्या मात्रेत ते बशीतल्या पिल्लांना थेट मारत नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शास्त्रज्ञांनी ब्रुगिया या जवळच्या नातलग कृमीत पाहिले, की हे औषध पिल्लाच्या उत्सर्जन छिद्राभोवतीच्या स्नायूवर परिणाम करते आणि त्याच्यातून बाहेर पडणारी प्रथिने घटतात. हीच ती शांतता राखणारी प्रथिने असावीत, असा त्याचा अर्थ लावला जातो. कृमीचे तोंड बांधले, की पांढऱ्या पेशींना तो दिसू लागतो.

मग एका रात्रीत हजारो पिल्ले मरतात. त्यांचे अवशेष रक्तात येतात. ताप, डोकेदुखी, अंगदुखी, चक्कर, मळमळ ही त्याची चिन्हे. ती साधारण एक-दोन दिवसांत ओसरतात. भारतासह पाच देशांत सुमारे २६ हजार लोकांवर झालेल्या सुरक्षितता अभ्यासात, ज्यांच्या रक्तात पिल्ले होती त्यांनाच असा त्रास जास्त झाल्याचे दिसले. म्हणजे ज्याला गोळ्यांनंतर कडकडून ताप आला, त्याच्या अंगात कृमी असण्याची शक्यता जास्त. त्यानेच पुढच्या वर्षी गोळी नाकारू नये. प्रत्यक्षात नकार द्यायला तोच पुढे असतो, आणि त्याचे ऐकून सगळी वस्ती.

अर्थात प्रत्येक मळमळ कृमी मेल्याची नसते. उपाशीपोटी गोळ्या घेतल्या तरी ती होते. म्हणून जेवून मगच आणि कार्यकर्तीसमोरच गोळ्या घ्यायच्या. दोन वर्षांखालील मुले, गर्भवती आणि गंभीर आजारी व्यक्तींना त्या देत नाहीत. आयव्हरमेक्टिन पाच वर्षांखालील मुलांनाही नाही. दम लागला, बेशुद्धी आली तर वाट न पाहता रुग्णालय गाठायचे. आफ्रिकेच्या काही भागांत डोळ्यांवर किंवा मेंदूवर परिणाम करणारे वेगळे फायलेरिया कृमी असल्याने तिथे या तीन औषधांचे मिश्रण वापरत नाहीत. ते कृमी भारतात नाहीत.

तीन औषधांनी फरक किती पडतो?

बराच. पापुआ न्यू गिनीतील चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. डीईसी व अल्बेंडाझोल या दोन औषधांच्या एका मात्रेनंतर वर्षभराने ३२ टक्के लोकांच्या रक्तातून पिल्ले नाहीशी झालेली होती. सोबत आयव्हरमेक्टिन दिल्यावर हे प्रमाण ९६ टक्क्यांवर गेले. भारतात तीन औषधांचा वापर २०१८-१९ मध्ये मोजक्या जिल्ह्यांत सुरू झाला, त्यांत नागपूर होता.

शांत कृमी त्रास देत नसेल, तर राहू द्यायला काय हरकत?

हा प्रश्न वाटतो तितका वेडगळ नाही. चेन्नईतील अभ्यासात मधुमेहींमध्ये हत्तीरोगाचा संसर्ग तुलनेने कमी आढळला होता. कृमीमुळे दाह कमी होऊन मधुमेहाला आळा बसतो का, अशी शंका त्यातून आली. पाश्चात्त्य देशांत डुकरातील कृमीची अंडी पाजून आतड्याच्या क्रोन्स आजारावर उपचाराचे प्रयोग झाले. २००५ मधील छोट्या प्रयोगाने आशा दाखवली. २०१३ मध्ये मोठ्या चाचणीत ही अंडी नकली औषधापेक्षा सरस ठरली नाहीत. कृमी पोसण्याऐवजी त्याचे प्रथिन उचलून औषध बनवावे, असा आता संशोधनाचा रोख आहे. तो योग्यही वाटतो.

कारण शांततेची किंमत इतरत्र मोजावी लागते. पोटात जंत असलेल्या मुलांमध्ये कॉलराच्या तोंडी लशीचा प्रतिसाद कमी दिसला आणि आधी जंताचे औषध दिल्यावर तो सुधारला, असे इक्वेडोरमधील अभ्यास सांगतो. टांझानियातील म्बेया भागात हत्तीरोगाचा कृमी असलेल्यांना एचआयव्हीची लागण होण्याचा धोका सुमारे दुप्पट आढळला. हे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. शिवाय फुगत चाललेली लसिकावाहिनी आहेच.

२०२७ ची मुदत गाठता येईल?

२००२ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात हे उद्दिष्ट २०१५ साठी होते. ते हुकले, मुदती सरकत गेल्या आणि जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने २०२७ जाहीर केले. दरम्यान श्रीलंका आणि मालदीव २०१६ मध्ये, तर बांगलादेश २०२३ मध्ये या रोगाच्या दुरीकरणापर्यंत पोहोचले. चीनने तर डीईसी मिसळलेले मीठ वापरले. रोज किंचित औषध पोटात गेल्याने पिल्ले एकदम मरत नाहीत, त्यामुळे त्रासही कमी.

आपल्याकडील अडचण औषधाच्या ताकदीची कमी आणि गोळी घशाखाली उतरण्याची जास्त आहे. एकूण लोकसंख्येपैकी किमान ६५ टक्के लोकांनी प्रत्यक्ष गोळ्या घेतल्या तरच फेरी परिणामकारक धरतात. वाटलेल्या गोळ्या आणि खाल्लेल्या गोळ्या यांतला फरक कागदावर दिसत नाही. दर फेरीत गोळी टाळणारी तीच ती माणसे असतील, तर त्यांच्या अंगातली जोडी आठ वर्षे डासांना पिल्ले पुरवत राहते. ‘तुम्हाला रोग होऊ नये म्हणून’ या प्रचारापेक्षा ‘रोग कदाचित तुमच्यात आधीच आहे, तो तुम्हाला कळू देत नाही’ हे सांगणे अवघड आहे, पण खरे आहे.

निदान मात्र सोपे झाले आहे. वर्ध्याजवळील सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत हत्तीरोगाच्या निदानचाचण्यांवर अनेक दशके संशोधन झाले. आता प्रौढ कृमीने रक्तात सोडलेला अंश ओळखणारी पट्टी दिवसाही वापरता येते. औषधांच्या फेऱ्या थांबवायच्या की नाहीत, हे ठरवताना तपासली जातात ती ६-७ वर्षांची मुले. मोहीम सुरू झाल्यानंतर जन्मलेल्या या मुलांपैकी ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त जणांच्या पट्टीवर दुसरी रेघ उमटली, तर गावातल्या कुणाच्या तरी शरीरात ती जोडी अजून सुखेनैव नांदते आहे, असे समजायचे आणि त्या भागात फेऱ्या पुढे चालू ठेवायच्या.